गौराचं सासर

लोखंडाला लिंग नसतं, असं हरेशचं ठाम मत होतं. व्याकरणात असतं, एवढं तो मान्य करी. बी.ए.ला त्याचा मराठी विषय होता आणि त्याचा अभिमान त्याने अजून सोडलेला नव्हता. "खुर्ची स्त्रीलिंगी आहे म्हणून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही," असं तो जव्हारच्या आपल्या कार्यालयात, त्याच खुर्चीत मागे रेलून, शिपायालाही समजावून सांगत असे. त्या कार्यालयातला प्रिंटर अकराच्या आधी सुरू होत नसे आणि जेवणानंतर आलेला प्रत्येक कागद अडकवून ठेवी, म्हणून सगळे त्याला 'मोठे साहेब' म्हणत. हरेश मात्र प्रिंटरला प्रिंटरच म्हणायचा. घरी त्याची बायको नीता कुकरला 'सासूबाई' म्हणायची, कारण ती जरा कुठे टेकली की आतून शिट्टी यायची. हरेशला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

असा हा विचारी माणूस पुढे एका जीपगाडीचा नवरा झाला. रीतसर झाला, चारचौघांत झाला, टॉवेल-टोपी घेऊन झाला.

त्याचं असं झालं की नीता शिक्षिका, आणि तिची बदली सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. जव्हारहून पहाटेच्या गाडीने मोखाडा, तिथून माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपने वर, आणि जीप भरली नाही तर भरेपर्यंत वाट बघत उभं राहायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत दिवे लागलेले असायचे. एके दिवशी नाचणीची भाकरी थापता थापता ती शांतपणे म्हणाली, "मी तिकडेच एक खोली बघते. शनिवारी येत जाईन."

हरेशला स्वयंपाकातला फक्त चहा येत होता, तोही नीता घरात असली तर. पण खरं म्हणजे चहाचा प्रश्न नव्हता. ती घरात नसेल, हा प्रश्न होता. हे तिला तोंडावर सांगायचं म्हणजे भलतंच काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तसलं बोलायची हरेशच्या घराण्यात पद्धत नव्हती. म्हणून तो म्हणाला, "थांब, काहीतरी व्यवस्था करू." आणि तो जुनी गाडी शोधायला लागला. गाडी नीता चालवणार होती. तिच्याकडे लायसन्स होतं. हरेशकडेही होतं, पण त्याने गाडी चालवली की आत बसलेले लोक देवाचं नाव घेत.

गाडी घ्यायची म्हटल्यावर शेजारचा हेमंत आपोआप सल्लागार झाला. हेमंतने आयुष्यात टेबलफॅनपेक्षा मोठं यंत्र विकत घेतलेलं नव्हतं, त्यामुळे त्याची मतं अगदी स्वच्छ होती. "हे बघ हरेश," तो म्हणाला, "जुनी वस्तू घेताना पहिलं काम नावं ठेवायचं. एक चांगला शब्द तोंडातून गेला की भाव चढला समज. मालकाला आपल्याच वस्तूची लाज वाटली पाहिजे."

गाडी सापडली तीही सूर्यमाळलाच. सुकऱ्याबाबा म्हणून एक म्हातारा तिथून मोखाड्यापर्यंत आपल्या जीपमध्ये सीटा भरायचा. आता डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याने त्याला समोरचं वळण आणि समोरची म्हैस यांतला फरक कळेना, म्हणून गाडी काढायची होती. गाडी पांढरी होती, म्हणजे कधीकाळी असावी. बॉनेटवर वळणदार अक्षरांत 'गौरा' लिहिलेलं होतं.

हेमंतला बरोबर घेऊन गेलेल्या हरेशने त्याचा धडा तंतोतंत गिरवला. दारात सुकऱ्याबाबा, त्यांची बायको गोदाबाई, पुतण्या जगन आणि पाड्यातली रिकामी झालेली झाडून सगळी माणसं उभी होती. त्यांच्यासमोर तो गाडीभोवती फिरला. "म्हातारी झालीय हो," तो म्हणाला. "खोकते. रंग उडालाय. तोंडावर वण आहेत. मागून पार बसलीय." मग दाराला एक टिचकी मारून त्याने शेवटचा बाण सोडला, "हिला माझ्याशिवाय कोण विचारणार?"

गोदाबाई वळून आत गेल्या. सुकऱ्याबाबांनी जमिनीकडे बघत हरेशने सांगितलेल्या किमतीला मान डोलावली. हेमंतने हरेशला कोपराने ढोसलं, बघ, लाज वाटली. घासाघीस इतक्या लवकर जिंकल्याबद्दल परतीच्या वाटेवर दोघांनी मोखाड्याला भजी खाल्ली.

ठरल्या दिवशी हरेश, नीता आणि हेमंत गाडी आणायला गेले, तर पाड्यात मांडवच घालायचा काय तो बाकी होता. गौराला धुऊन पुसून उभी केली होती. आरशांना झेंडूच्या माळा होत्या. बायका गाणी म्हणत होत्या. गोदाबाईंनी बॉनेटला हळदीकुंकू लावलं, ड्रायव्हरच्या सीटवर खण, तांदूळ आणि नारळ ठेवून ओटी भरली आणि स्टिअरिंगला गालबोट लावलं. मग त्या बॉनेटवर डोकं ठेवून रडायला लागल्या. त्यांच्याबरोबर इतर बायकाही रडायला लागल्या. नीताने पदर डोळ्यांना लावला. हेमंतनेही नाक ओढलं, पण त्याला सर्दी होती.

"दोन पोरी दिल्या, येक वाड्याला नि येक शहापूरला," सुकऱ्याबाबा म्हणाले. "ही तिसरी. धाकली हाय, जरा लाडात वाढली. सकाळची थंडीची उठत नाय लवकर. तिला वरडू नका, जरा चावी लावा नि गप उभं ऱ्हावा."

हरेशच्या कपाळाला टिळा लागला. खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी आली. हेमंतलाही टॉवेल मिळाला. मग पंगत बसली आणि हरेशच्या पानात कोंबडीचा जो भाग पडला, तो फक्त जावयाच्या पानात पडतो. सगळे त्याला 'जावई' म्हणत होते. हरेशला हे सारं हास्यास्पद वाटत होतं, हे त्याने दुसऱ्यांदा रस्सा घेताना नीताला हळूच सांगितलंही.

जेवण झाल्यावर त्याने बॅगेतून गाडी नावावर करायचे फॉर्म काढले. गोदाबाईंनी कानांवर हात ठेवले. "पाठवणीचे दिशी लिखापढी नाय करायची. अपशकुन होतो."

"अहो, पण एक सही..."

"होईल की," सुकऱ्याबाबा म्हणाले. "सही कुठं पळून जाते काय?"

रोज दहा माणसांना 'उद्या या' म्हणणाऱ्या हरेशला हे वाक्य ओळखू यायला हवं होतं. पण पोटात कोंबडी आणि डोक्यावर टोपी असली की माणसाची सावधगिरी सुस्तावते.

पहिले काही दिवस छान गेले. नीता सकाळी गौरा घेऊन जायची आणि उजेडी परत यायची. खोलीचा विषय मागे पडला. हरेश संध्याकाळी अंगणात उभा राहून गाडी आत येताना बघायचा आणि मागे, मागे, असे अनावश्यक हातवारे करायचा.

मग बाजाराच्या दिवशी सासरची माणसं आली. म्हणजे गौराची माहेरची. सुकऱ्याबाबा, गोदाबाई, जगन आणि पाड्यातली आणखी चार-पाच माणसं थेट अंगणात गेली. घराकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. गोदाबाईंनी गौराच्या अंगावरून हात फिरवला आणि बोटाला लागलेली धूळ नीताला नाही, हरेशला दाखवली. "पोर काळवंडली," त्या म्हणाल्या. जगन ठाण्याला गोदामात कामाला राहून आलेला होता. त्याने चाकांना लाथा मारून बघितल्या आणि अहवाल दिला, "हवा कम है काकी. बारीक झाली."

नीताने चहा केला. कुणी घेईना. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा रिवाज.

"कधीच नाही?" हेमंतने कुंपणावरून विचारलं. तो असल्या वेळी कुंपणाशीच असायचा.

"तिला पोर झाला म्हणजे मंग घेतात," गोदाबाई म्हणाल्या.

"मग तर अवघडच आहे," हेमंत विचारात पडून म्हणाला. "फार तर एखादी स्कूटी होईल."

सगळे हसले. हरेश हसला नाही. त्याने फॉर्म आणि पेन पुढे केलं. सुकऱ्याबाबांनी कागद उलटा धरून बराच वेळ न्याहाळला, घडी घालून परत दिला आणि ते म्हणाले, "आधी पोर नीट नांदूंदे. शिमग्याला बघू."

हरेशचा तोल गेला. तो म्हणाला की ही गाडी आहे. लोखंड आहे. त्याने हिचे पैसे मोजलेत, हिला नांदवलेलं नाही. माणसाने वस्तू विकली की विकली, हे मागे मागे येणं कशासाठी?

गोदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, वर्गात न समजलेल्या पोराकडे बघावं तसं. "तेच्यासाठीच तर लेक म्हणायचं," त्या म्हणाल्या. "गाडी म्हटली की इकली नि संपला. लेक म्हटली म्हणजे कवातरी येऊन बघता येतं. तुमी पण हाकलत नाय मंग."

नीता चहाचे भरलेले कप आत घेऊन गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर हरेशचं आयुष्य पाड्याच्या मालकीचं झालं. जव्हारला दवाखान्यात, बाजारात, कचेरीत आलेला सूर्यमाळचा प्रत्येक माणूस अंगणात डोकावून गौराची खुशाली विचारायचा. परत जाताना नीताबरोबर वर जायला त्यांना वेगळं विचारावं लागत नसे, बहिणीच्या गाडीत बसायला कोण परवानगी घेतं? कार्यालयात बातमी पसरली. हरेशने रजेचा अर्ज दिला की मोठे साहेब, म्हणजे प्रिंटर नव्हे, खरे साहेब, चष्म्यावरून विचारायचे, "कारणात 'खाजगी काम' लिहिलंय. सासुरवाडीला का?" हरेशची खरी सासुरवाडी विक्रमगडला होती, पण तिच्याबद्दल इतक्या आस्थेने कुणी कधी विचारलेलं नव्हतं.

इकडे देवानंद घाई करत होता. देवानंद एजंट होता. गाड्या नावावर करून देणं हा त्याचा धंदा, आणि जगातल्या समस्त माणसांना तो 'पार्टी' म्हणायचा. "साहेब, विमा मार्चअखेर संपतोय. जुन्या पार्टीची सही नाही तर नवीन पार्टीच्या नावाने विमा नाही. पार्टीचा प्रॉब्लेम काय आहे?"

"पार्टी म्हणते, आधी पोर नीट नांदू दे."

देवानंदने डोकं खाजवलं. "हा प्रॉब्लेम आपल्याकडे पहिल्यांदाच आलाय."

नीताने मात्र सरळ सांगून टाकलं. विमा संपलेली गाडी ती एक दिवसही चालवणार नाही. शाळेत मुलांना नियम शिकवायचे आणि बाहेर आपणच मोडायचे, हे तिला जमायचं नाही. "मग खोली बघावी लागेल," ती म्हणाली. पाड्यावरच्या एका बाईने जागा दाखवलीही होती.

शिमगा जवळ आला आणि जगन निरोप घेऊन आला. सणाला गौराला माहेरी धाडायचं. पहिला सण होता.

"मुळीच नाही," हरेश म्हणाला.

"पाठवा," नीता म्हणाली. "सही वर आहे."

"अगं, पण ती काय..."

"चार दिवस जाईल, हौस होईल, परत येईल." आणि मग, जगन ऐकत नाही असं बघून, तिने हळूच पुढे जोडलं, "मीही पहिल्या शिमग्याला जाणार होते विक्रमगडला. तुमच्या ऑडिटमुळे राहिलं."

हरेशला ते ऑडिट आठवेना. जगन गौराला घेऊन गेला आणि घराचं अंगण एकदम मोठं दिसायला लागलं. हरेश उगीचच दोन-तीनदा बाहेर येऊन बघून गेला. डिझेलचा डाग पडलाय का ते बघत होतो, असं त्याने हेमंतला सांगितलं.

चार दिवस झाले, आठवडा झाला, गौरा येईना. हेमंतचं मत पडलं की माहेरी राहिलेली बाई आणायला नवऱ्याने स्वतः जावं, निरोपावर ती येत नसते. पुढे तो म्हणाला की जाताना नारळ न्यावा आणि तोंड जरा पाडलेलं असावं. शेवटी रविवारी हरेश आणि नीता वडापच्या जीपने निघाले. आत जागा नव्हती. नीताला दोन गाठोड्यांच्या मधे बसवलं आणि हरेश, वरिष्ठ लिपिक, मागच्या पायरीवर उभा राहून, छताची सळई धरून, एका बोकडाकडे समोरासमोर बघत वर गेला.

शेवटच्या चढावर त्यांना गौरा दिसली. मागची सीट काढून टाकलेली होती. आत पाण्याचे निळे ड्रम खच्चून भरले होते, दारातून पाणी ठिबकत होतं, जगन गाडी हाकत होता आणि गौरा खोकत, कण्हत, खालच्या विहिरीवरून चढत होती. पाड्यावरची विहीर शिमग्याआधीच आटली होती. दारोदारी बायका हंडे घेऊन तिची वाट बघत उभ्या होत्या.

हरेशने पायरीवरूनच हाका मारल्या. वर पोचल्यावर त्याने जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. गाडी त्याची होती. ती सणाला नेली होती की हमालीला? मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काय होणार? आणि सीट कुठे होती? सीट गोदाबाईंच्या ओटीवर होती आणि तिच्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

गोदाबाईंनी शांतपणे हंडा भरून घेतला. "लेक माहेरी आली म्हणजे काय हातावर हात ठेवून बसते? आयचे डोक्यावरचा हंडा घेते. आमच्या दोघी पण येतात तवा हेच करतात."

नीता म्हणाली, "खरंय." आणि ती पदर खोचून ड्रममधून हंडे भरायला लागली.

एकटा पडलेला हरेश सुकऱ्याबाबांकडे वळला. त्याने नारळ पुढे ठेवला, फॉर्म पुढे ठेवले, पेनाचं टोपण काढून पेनही पुढे ठेवलं. हात जोडले. म्हणाला, "बाबा, एकदाच सांगा. सही का करत नाही? माझं काय चुकलं?"

हा प्रश्न त्याने इतक्या दिवसांत एकदाही विचारला नव्हता, आणि सुकऱ्याबाबा बहुधा त्याचीच वाट बघत होते.

"तुमी तिला नावं ठेवलीत," ते म्हणाले. "आमचे दारात, चार माणसांत. म्हातारी हाय, मागून बसली, माझ्याबिगर कोन इचारनार. मागणी घालायला येतात ते असा बोलत नाय, जावई. मला दिसत नाय नीट, पण ऐकू येतं."

"अहो, ते भाव कमी करायला..."

"म्हाईत हाय. म्हणून पोर दिली. पैशाची नड व्हती, दिली. पण नाव लावायचं म्हटलं म्हणजे येगळं. आमच्यात नवरा चारचौघांत सांगतो, पोर कशी हाय ती. ते सांगा, लगेच सही करतो."

पाड्याला हे आधीच ठाऊक असावं. बघता बघता माणसं गोळा झाली. हंडे खाली ठेवले गेले. नीता ड्रमला टेकून उभी राहिली. हरेशने आजूबाजूला बघितलं, पण त्याची सुटका करू शकेल असं तिथे कुणी नव्हतं. एक वरिष्ठ लिपिक, भर उन्हात, एका जीपची स्तुती करायला उभा होता.

त्याने घसा खाकरला. "सदर वाहन," तो म्हणाला, "सुस्थितीत असून वापरण्यास योग्य आहे."

लोक वाट बघत राहिले. कोंबडीसुद्धा गप्प होती.

"म्हणजे, चांगली आहे. कामाला चांगली आहे." अजून कुणी हललं नाही. हरेशने टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "रोज हा डोंगर चढते. धुकं असलं तरी चढते. मला नसतं जमलं, मी पहिल्या वळणावर बसलो असतो. एकदा मी डिझेल टाकायला विसरलो. काही बोलली नाही. काटा तांबड्यात गेला तरी दारापर्यंत येऊन थांबली. एकदा ऑफिसातला राग आणला आणि हिचं दार आपटलं. तिचा काही संबंध नव्हता. सकाळी निमूट उठली आणि कामाला लागली."

"बरा बोलतो," कुणीतरी म्हातारी पुटपुटली.

हरेशला आता थांबता येईना. उन्हामुळे असेल, किंवा इतकी माणसं आपलं ऐकतायत हे कार्यालयात कधी होत नसल्यामुळे असेल. "संध्याकाळी दमून येते. दिवस कसा गेला, कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नाही. परत येताना वाटेत चार माणसांना घेऊन येते, त्यांची गाठोडी सांभाळते, घरी आल्यावर परत काम आहेच. ती घरात नसली की घर... म्हणजे अंगण. अंगण खायला उठतं. मी बाहेर येऊन बघतो, आली का. डाग वगैरे काही बघत नसतो. ती दुसरीकडे राहिली तर मला करमणार नाही. हे आधी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, व्यवस्था केली की सांगावं लागत नाही."

तो थांबला, कारण बायका गौराकडे बघत नव्हत्या. सगळ्या नीताकडे बघत होत्या. नीता ड्रमच्या झाकणाकडे बघत होती.

मघाची म्हातारी तिच्याजवळ सरकली. "बाई, तुला पण घरी असाच बोलतो काय हा?"

"नाही हो आजी," नीता म्हणाली. "मी गाडी नाही ना."

पाडा असा हसला की कोंबडी सीटवरून उठली. हरेशचे कान तापले. आयुष्यात त्याचा इतका अपमान झालेला नव्हता, आणि तो झाल्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. सुकऱ्याबाबा हसत नव्हते. त्यांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, जगनने बोट ठेवलं त्या जागी पेन टेकवलं आणि एकेक अक्षर दाबून, सावकाश, आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या कागदावरही लिहिलं. मग पेन हरेशच्या हातात दिलं आणि त्याच्या हातावर आपला हात थोडा वेळ ठेवला. "आता तुमची," ते म्हणाले.

सीट परत बसवली गेली. अंडी टोपलीत हलवली. निघताना गोदाबाईंनी मागे एक पाण्याने भरलेला कॅन ठेवला. नीता नको नको म्हणाली, इथे थेंबाची मारामार, जव्हारला नळ आहे. गोदाबाईंनी ऐकलं नाही. लेकीला रिकामी पाठवायची नसते, आणि घरात देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नीता खाली उतरून त्यांच्या पाया पडली. हरेशला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तोही पडला.

गाडी घाटाला लागली. नीता चालवत होती. हरेश मांडीवर फॉर्म धरून बसला होता आणि सह्या वाळल्यात का ते उगीच तपासत होता.

"विमा होईल आता," तो म्हणाला.

"हं."

"म्हणजे खोली बघायला नको."

नीताने एक वळण घेतलं. मग समोर बघतच म्हणाली, "आता माझ्याबद्दल बोला."

"काय?"

"गाडीचं झालं. आता माझ्याबद्दल बोला. इथे कुणी नाही ऐकायला. मोखाडा येईपर्यंत वेळ आहे."

हरेशने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पळसाला फुलं आली होती, त्यांची काही मदत होईना. तिसऱ्या वळणावर तो म्हणाला, "ते विक्रमगडला जायचं राहिलं ना, तेव्हा ऑडिट नव्हतं. मला एकट्याला राहायचं नव्हतं." मग तो पुढचं बोलला, आणि मग त्याच्या पुढचं, अडखळत, मधेच रस्त्याच्या अवस्थेबद्दल एखादं वाक्य घालत. खाली मोखाड्याची घरं दिसायला लागली, तशी नीताने गाडी एकदम हळू केली.